आचार्याने मारले

१

लखोटा लाखेने सीलबंद होता, आणि आत काही नव्हतं.

"माझ्यासमोर फोडला, काका. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, आठ महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठे दप्तरखान्यातल्या बाईंनी कात्रीने कड कापली. उलटा करून झटकला. साधं झुरळसुद्धा पडलं नाही."

तेजस्विनी आचार्य हे सांगत होती तेव्हा तिच्या हातातला चहा गार होत होता. वय असेल तिशीच्या आतबाहेर. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या. मीही तेच करतो, फक्त पुस्तकांमधल्या. मी श्याम देवस्थळी, एकतीस वर्षं मुद्रितशोधक आहे. पुण्यात हा धंदा नसून स्वभाव आहे, असं माझी बायको म्हणायची. तेजस्विनीने वडिलांच्या बचावासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं होतं आणि त्याचं प्रूफ वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. गुप्तहेर म्हणून माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही, आणि आलं असतं तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं.

प्रकरण जुनं होतं, सात वर्षांपूर्वीचं. १९९९ चा ऑगस्ट. लोणी काळभोरच्या अलीकडे बोरमळा म्हणून गाव आहे. तिथले पुढारी संभाजीराव माळवदकर विधानसभेला अपक्ष उभे होते. गावची जमीन आयटी पार्कला देणार नाही, एवढा एका ओळीचा त्यांचा जाहीरनामा. एका संध्याकाळी वीज सात मिनिटं गेली आणि तेवढ्यात घरामागे कोणीतरी त्यांच्या पोटात सुरा खुपसला. इस्पितळात ते तीन तास जगले. नायब तहसीलदारांनी त्यांचा जबाब हाताने लिहून घेतला, लखोट्यात घातला आणि सील करून कोर्टात पाठवला. अकराव्या दिवशी नायब तहसीलदारच हृदयविकाराने गेले. जबाबाच्या वेळी हजर असलेले डॉक्टर अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले. पोलिसांनी नेहमीचे दोन गुंड धरले आणि सोडले. चार महिन्यांनी सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने लखोटा उघडला, आणि आयोगाच्या अहवालात साऱ्या महाराष्ट्राने वाचलं : 'आचार्याने मारले.'

आचार्य पुण्यात पुष्कळ असतील, पण लोकांना एकच आठवला. प्रा. वैजनाथ आचार्य, अर्थशास्त्राचे. आयटी पार्क झालाच पाहिजे म्हणून व्याख्यानं देणारे. खुनाच्या आधी महिनाभर त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं, 'असे नेते विकासाच्या वाटेतून दूर केले पाहिजेत.' वाक्य मतपेटीबद्दल होतं. पण अहवालानंतर ते कोणी तसं वाचलं नाही.

तोंडाला शाई फासली गेली. घरावर दगड आले. कॉलेजने राजीनामा 'सुचवला'. पुरावा नव्हता, म्हणून खटला झाला नाही. आणि खटलाच झाला नाही, म्हणून निर्दोष सुटकाही झाली नाही.

"पुस्तक छापून आता काय होणार आहे?" मी विचारलं. मी असं विचारतोच.

तेजस्विनीने कप खाली ठेवला. "लोकांसाठी नाही छापत मी, काका. बाबांसाठी. गेल्या वर्षीपासून त्यांचं विसरणं वाढलंय. आणि सात वर्षं जे कानावर पडलं ना, तेच आता खरं वाटायला लागलंय त्यांना. रोज पेपर वाचून झाला की मला विचारतात, 'मला पकडायला अजून कसे कोणी आले नाहीत?'"

"म्हणजे?"

"त्यांना वाटतं, त्यांनीच मारलं."

२

पहिल्यांदा गाठलं ते सोनबाला. सोनबा एसटीत वाहतूक नियंत्रक होता. निवृत्तीनंतर स्वारगेटला एका रसवंतीच्या बाकावर बसून स्वतःची पुस्तिका विकायचा, 'सात मिनिटांचा अंधार', आवृत्ती अकरावी. माझ्या अर्ध्या लेखकांची दुसरी आवृत्ती निघत नाही.

"वीज सातच मिनिटं का गेली? सांगा," सोनबा म्हणाला.

"महाराष्ट्रात सात मिनिटंच गेली, हेच मला संशयास्पद वाटतं."

त्याला विनोद कळला नाही. तो एकेक बोट दुमडत मोजू लागला. नायब तहसीलदाराचा हृदयविकार. डॉक्टरचं अमेरिकेला जाणं. हडपसरच्या नाक्यावर दिसलेली पांढरी मारुती. एक परदेशी कंपनी. आणि आता रिकामा लखोटा. त्याची बातमी त्याच्याकडे माझ्याआधी पोचली होती.

"पण ह्ये समदं सोडा. गोम हितं हाय." त्याने पुस्तिकेचं मलपृष्ठ समोर धरलं. अहवालातला जबाब तिथे जसाच्या तसा छापला होता :

'संध्याकाळी हात धुण्यास घरामागे गेलो. वीज गेली. पायर्यांवर कोणी उभे होते. आचार्याने मारले. महिनाभर माझ्या घरी जेवण करीत होता. बिचार्या पोरांना धरू नका. दुसर्या कोणाचा दोष नाही.'

"महिनाभर घरी जेवण करीत होता!" सोनबाने ओळीखाली नख ओढलं. "वर भांडण, आतून पंगत. दोघांचा गुप्त समझोता चालला व्हता. तो फिसकटला आन् मास्तरनं काटा काढला."

"मास्तर?"

"संभाजीराव त्याला मास्तरच म्हनायचे. भाषनात बी. 'त्यो मास्तर आपल्याला शेती शिकवतोय.' लई टाळ्या पडायच्या."

"पण अंधारात ओळखलं कसं त्यांनी? वीज गेली होती ना?"

सोनबाने मलपृष्ठ स्वतःकडे वळवून पाहिलं. अकरा आवृत्त्यांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता. मग म्हणाला, "आवाजावरनं आसंल."

मी पुस्तिका विकत घेतली आणि चालत निघालो. सवयीने खिशातली लाल पेन्सिल काढून चालता चालताच त्या मजकुराचं प्रूफ तपासलं. पायर्यांवर, चूक. बिचार्या, चूक. दुसर्या, चूक. अर्धा र गायब, सगळीकडे रफार. पायऱ्या, बिचाऱ्या, दुसऱ्या हवं. पोरगासुद्धा सांगेल, पण वाचताना कोणी अडत नाही, कारण 'बिचार्या' असा काही शब्दच नाही. डोळा आपला आपण दुरुस्त करून पुढे जातो.

सात ओळींत तीन चुका. चौथी दिसायला मला थेट शनिवार पेठेपर्यंत यावं लागलं, आणि दिसली तेव्हा मी रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो. मागून एका रिक्षावाल्याने माझ्या आईवडिलांची चौकशी केली.

रफाराच्या जागी अर्धा र ठेवला, की चौथा शब्दही बदलत होता. आचार्याने नव्हे. आचाऱ्याने.

३

आचार्य म्हणजे गुरू. आचारी म्हणजे लग्नाकार्यात मोठ्या भांड्यांचा स्वयंपाक करणारा. बोलताना दोघांत काडीचा गोंधळ नाही. नायब तहसीलदारांच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यांनी बरोबरच लिहिलं असणार. प्रश्न होता तो टाइप करणाऱ्याचा.

आयोगाची कंत्राटी टंकलेखिका रुपाली आता कर्वेनगरात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवत होती. मी तिला पुस्तिका न दाखवता एका कागदावर 'दुसऱ्या' लिहून दिलं.

"हां, हा र!" ती हसली. "तेव्हाच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा यायचाच नाही हो. म्हणजे यायचा, पण कुठल्या तरी तीन कळा एकदम दाबल्या की. ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं."

"मग काय करायचात?"

"रफार द्यायचो. साहेबांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, असू दे, लोक समजून घेतात."

मी खुर्चीत मागे टेकलो. लोक समजून घेतात. एकतीस वर्षांत हे वाक्य मला प्रत्येक प्रकाशकाने ऐकवलं आहे.

"आणि लखोटे? टाइप झाल्यावर कागद परत आत जायचे का?"

"नाही, हाताने लिहिलेले सगळे गठ्ठ्यात बांधायचो. ते गठ्ठे पुढे तळघरात भिजले आणि रद्दीत गेले. लखोट्यांचं वेगळं पत्रक होतं, काम झाल्यावर पुन्हा सीलबंद करून ठेवावेत. शिपायाने ठेवले."

"रिकामे?"

"पत्रकात कागद आत घाला असं कुठे होतं?" ती म्हणाली, अगदी सरळपणे. सोनबाच्या अकरा आवृत्त्यांतला सगळ्यात काळा कट म्हणजे आज्ञाधारक शिपाई निघाला.

"संभाजीरावांचा जबाब टाइप केल्याचं आठवतं?"

"रोज साठ पानं असायची हो. जे दिसलं ते टाइप केलं." मग तिचा चेहरा बदलला. "का? काही चुकलं होतं का माझं?"

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक पाहून 'नाही' म्हणालो. सांगून त्या बाईचा कोणता अर्धा र परत येणार होता?

संध्याकाळी तेजस्विनीला फोन केला. सापडलं ते सगळं सांगितलं.

"काका, म्हणजे हा बग आहे," ती म्हणाली. "फॉन्टचा बग. नोन इश्यू, सगळ्यांना ठाऊक असलेला. त्याच्यासाठी माझ्या बाबांच्या तोंडाला शाई?" आणि ती हसायला लागली. ते हसणं मला ऐकवेना.

"थांब," मी म्हणालो. "अजून काही सिद्ध झालेलं नाही. ते सॉफ्टवेअर आचारी असो की आचार्य, दोन्ही तसंच छापणार. खून तुझ्या बाबांनी केला असता तरी अहवालात हेच अक्षर आलं असतं."

"मग?"

"मग बोरमळ्याला जायला हवं."

४

संभाजीरावांच्या पत्नी गोदाबाई तीन मजली नव्या घरात धाकट्या दिराकडे राहत होत्या. दीर म्हणजे माऊली माळवदकर. भावाच्या खुनानंतरच्या सहानुभूतीत नगरसेवक झाला, आणि भावाने अडवलेली जमीन पुढल्या तीन वर्षांत आयटी पार्कला गेली. गच्चीवरून त्या काचेच्या इमारती दिसत होत्या.

मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. आतून गोदाबाईंचा आवाज आला, "बसा. जेवण करती हाय."

"सावकाश होऊ द्या," मी म्हणालो. "जेवताना बोलूच नये."

त्यांनी दारातून डोकं काढून माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि परत आत गेल्या. मी बसलो. पाऊण तास झाला. बाई इतका वेळ काय जेवत असतील, हे मला कळेना. शेवटी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, मनगटापर्यंत पीठ.

"झालं जेवण. उठा, दोन घास खाऊन घ्या."

"तुमचं झालं ना?"

"माझं कशाचं? आत्ताशीक तर केलं. आदी पावना, मग मी."

मी उठलो तो तसाच उभा राहिलो. शहरात आम्ही जेवण करतो म्हणजे जेवतो. बोरमळ्यात जेवण करतात म्हणजे रांधतात. खायचं त्याला जेवणं म्हणतात. महिनाभर माझ्या घरी जेवण करीत होता. सोनबासारख्या पन्नास वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला त्यात पंगत दिसली. आयोगाच्या न्यायमूर्तींना समझोता दिसला. मरणाऱ्या माणसाने मात्र आपल्या गावच्या बोलीत साधी ओळख सांगितली होती, कोण आचारी, तर महिनाभर माझ्याकडे स्वयंपाकाला असलेला.

अंधारात माणूस ओळखू येतो तो रोज घरात वावरणारा. व्यासपीठावर चारदा पाहिलेला प्रोफेसर नव्हे. आणि ज्याला कायम 'मास्तर' म्हटलं त्याला मरताना कोणी 'आचार्य' म्हणत नाही. आता संशयाला जागा उरली नाही.

"निवडणुकीत स्वयंपाकाला आचारी होता का हो तुमच्याकडे?"

"व्हता की. रोज दोनशे मानूस जेवायचं. उत्तरेश्वर त्याचं नाव, बीडकडचा. हाताला लई चव." त्या ताट वाढत होत्या. "त्याच सांजंला गेला निघून. घाबरला आसंल बिचारा. झारे, उलथनी, समदं हितंच टाकून गेला. मी दोन वर्सं जपून ठिवलं, न्यायला यील म्हनून."

"आचारी आपले झारे टाकून जातो का, बाई?"

त्या वाढता वाढता थांबल्या. मी पुस्तिका काढली. "तुमच्या मालकांनी शेवटी जे सांगितलं, ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं होतं?"

"न्हाई. समदी म्हनली, त्या मास्तरचं नाव घेतलं."

मी वाचलं. पायऱ्यांवर म्हणालो, आचाऱ्याने म्हणालो, बिचाऱ्या म्हणालो. एकदा वाचलं, त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. 'महिनाभर माझ्या घरी जेवण करीत होता' या ओळीला त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. सात वर्षं नवऱ्याचे शेवटचे शब्द या बाईपर्यंत कोणी आणले नव्हते, आणि आणले ते एका परक्या पेठेतल्या माणसाने, ताट समोर असताना. मला माझीच लाज वाटली.

"उत्तरेश्वरला कामाला कोणी आणलं होतं?" तरी मी विचारलंच.

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, आणि उत्तर काय असणार हे मला कळलं.

"धाकल्या भावजींनी," त्या म्हणाल्या.

बाहेर गाडीचं दार वाजलं. गोदाबाईंनी झटकन डोळे पुसले. "तुमी ह्ये कुटं लिवू नका. मला ह्याच घरात ऱ्हायचं हाय." आणि मग मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाकरी वाढू का अजून?"

५

माऊली चाळिशीचा, पांढराशुभ्र, हसतमुख माणूस. माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि स्वतःही ताट मागून घेतलं. कशासाठी आलात, असं त्याने विचारलं नाही. माझ्या मांडीवरची पुस्तिका त्याने पाहिली होती.

मी सगळं सांगितलं. धैर्य वगैरे काही नाही. दुसऱ्याची चूक सापडली की मला ती पोटात ठेवता येत नाही. फक्त उत्तरेश्वरला कोणी आणलं, ते मी उच्चारलं नाही. गोदाबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"उत्तरेश्वर व्हय," माऊली म्हणाला. "त्यो गेला की हो. दोन हजार एकला, ट्रकनं उडवला. केजच्या अलीकडं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी गेलो व्हतो ना मातीला."

पुण्याचा नगरसेवक महिनाभराच्या आचाऱ्याच्या मातीला अडीचशे किलोमीटर जातो. खात्री करून घ्यायलाच कोणी इतकं लांब जातं. त्याने हे चुकून सांगितलं की मुद्दाम, ते मला अजून कळलेलं नाही. तो माझ्याकडे पाहून हसत होता.

"म्हंजी काका, तुमचं म्हननं काय, तर टायपिंगमधी एक रेघ चुकली."

"हो."

"बरं, चुकली. मग सुधारा की." त्याने भाकरी मोडली. "घ्या, वांगं घ्या. वहिनी झकास करतात."

मी ते वांगं खाल्लं. दुसरं काय करणार होतो? एक आचारी मेलेला, एक कागद रद्दीत गेलेला, एक नायब तहसीलदार केव्हाच वारलेला आणि एक बाई, जी बोलली तर तिला छप्पर उरणार नव्हतं. माझ्याकडे होता एक अर्धा र.

६

तरी मी सुधारायला गेलो. चौकशी आयोगाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आयोगाचं कामकाज संपुष्टात आल्याने शुद्धिपत्रक काढण्याची तरतूद नाही. त्या उत्तरात 'शुद्धिपत्रक' हा शब्द अशुद्ध होता.

अमेरिकेतल्या डॉक्टरांना तेजस्विनीने ईमेल केला. त्यांनी सौजन्याने कळवलं की पेशंट शुद्धीवर होता एवढं आठवतं, शब्द आठवत नाहीत.

एका संपादकांकडे गेलो. जुनी ओळख; त्यांच्या पहिल्या पुस्तकाचं प्रूफ मी वाचलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी मला बहुधा अजून क्षमा केलेली नव्हती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बुद्धिमान आहे," ते म्हणाले, "पण माऊलींवर बोट ठेवायला पुरावा नाही. आणि ते काढलं तर उरतो काय, एक स्वयंपाकी. देवस्थळी, एवढ्या मोठ्या माणसाला आचाऱ्याने मारलं, हे लोकांना पटत नाही हो. आचार्य पटतो."

सोनबाला मात्र पटलं. रसवंतीच्या बाकावर त्याने मांडीवर थाप मारली. "म्हंजी अक्षर बदललं! मी म्हनत नव्हतो? कुनी बदललं? त्या सॉफ्टवेअरची कंपनी कुठली? बाराव्या आवृत्तीत घालतो बघा!"

"कोणी बदललं नाही, सोनबा. ते येतच नव्हतं."

"तेच तर," तो डोळे बारीक करून म्हणाला. "का येत नव्हतं?"

मला त्याचा राग येईना. त्याला कोणीतरी करणारा हवा होता. मलाही हवा होता, आणि माझ्याकडे तर तो होता, वांगं वाढायला सांगणारा. पण सात वर्षं सगळे एका म्हाताऱ्या प्रोफेसरकडे बोट दाखवत बसले आणि तेवढ्या वेळात केजच्या रस्त्यावर एकमेव बोलू शकणारं तोंड बंद झालं. हा कट कोणी रचला नव्हता. माऊलीला आयता मिळाला होता.

"काका, बाकी जग खड्ड्यात जाऊ दे," तेजस्विनी म्हणाली. "बाबांना सांगा. तुम्ही सांगा. माझं ऐकून ते म्हणतात, मुलगी आहेस, तू असंच बोलणार."

रविवारी सकाळी गेलो. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीला दगडफेकीच्या वेळची जाळी अजून तशीच. आचार्य इस्त्रीचा सदरा घालून, पेपरची नीट घडी करून बसले होते. मला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आपण पोलीस खात्याकडून?"

"नाही. मी मुद्रितशोधक आहे."

"वा. म्हणजे अधिक बारकाईने बघाल."

मी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि सुरुवात केली. कुठल्याही विद्यार्थ्याने इतकं लक्ष देऊन ऐकलं नसेल. चष्मा लावून त्यांनी चारही शब्द पाहिले. "सर्व उदाहरणांत रफारच आहे? एकही अपवाद नाही?" त्यांनी विचारलं. मी अहवालाची सगळी पानं तपासली होती, एकही नव्हता. "म्हणजे छापील अक्षरावरून निर्णय होत नाही. मग निर्णय कशावरून केलात?" मी जेवण करणं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "उत्तम! प्रदेशभेद!" मास्तर हा शब्द सांगितला, अंधार सांगितला, टाकून दिलेले झारे सांगितले. त्यांनी पेन्सिल मागून घेतली, 'आचार्याने' वर स्वतःच्या हाताने काट मारली आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं, आचाऱ्याने.

स्वयंपाकघराच्या दारात तेजस्विनी उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं. जगाचं नाही, पण या एका खोलीतलं काम झालं.

आचार्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा काढला.

"आपला युक्तिवाद निर्दोष आहे," ते म्हणाले. "मला एकही फट दिसत नाही. त्याने माझं नाव घेतलंच नव्हतं."

"नव्हतंच."

त्यांनी मान हलवली. पेपरची घडी पुन्हा एकदा सरळ केली. मग माझ्याकडे वळले. इतकी व्याकूळ नजर मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"मग मी त्याला मारलं कशासाठी?"